पाच लिटरचा आवाज

उंची जेमतेम एक फूट, रुंदी साडेसात इंच, वजन पाच-साडेपाच किलो. अंगावर सागाचं किंवा अक्रोडाचं पातळ व्हिनियर, तोंडावर गडद कापडाची चौकट. पुस्तकांच्या रांगेत बसवला तर पाहुण्याची नजरही त्याच्यावर ठरणार नाही. नाव असं की कुठल्याशा सरकारी फाइलीचं वाटावं : एल.एस. ३/५ ए. एल.एस. म्हणजे लाउडस्पीकर, तीन म्हणजे स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणाचा गट, पाच हा त्या गटातला क्रमांक आणि ए ही नंतरच्या सुधारणेची खूण. ज्यांनी त्याला घडवलं त्यांनी त्याला लाडाचं नाव दिलं नाही. लाड पुढे इतरांनी केले, आणि इतके केले की घरात गाणं ऐकण्याच्या यंत्रांविषयी दोन जाणकार भांडायला बसले, की आजही थोड्या वेळात याचं नाव निघतंच.

भांडण जुनं आहे. एक बाजू म्हणते, मापं घ्या. ज्याचा आलेख सपाट, म्हणजे जाड-पातळ सगळे सूर सारख्याच जोरानं येतात, आणि ज्याचं डिस्टॉर्शन कमी, तो स्पीकर चांगला. बाकी सगळे मनाचे खेळ. दुसरी बाजू म्हणते, गाणं माणसाच्या कानांसाठी असतं. मला जो आवडतो तो चांगला. तुमचा मायक्रोफोन काय म्हणतो याच्याशी मला कर्तव्य नाही. दोघंही या छोट्या खोक्याला आपला साक्षीदार म्हणून उभा करतात. मापवाले म्हणतात, बघा, प्रयोगशाळेत जन्मलेला स्पीकर कसा असतो. कानवाले म्हणतात, बघा, आलेखात एवढ्या खोडी असूनही माणसं याच्यासाठी जीव टाकतात. मी त्याला बऱ्याच घरांत ऐकलं आहे, त्याच्याबद्दल हाती येईल ते वाचलं आहे, आणि माझं मत असं बनलं आहे की त्याची साक्ष पूर्ण ऐकून घेतली तर ती दोघांनाही जड जाते. लोकांना तो का आवडतो हे मोजता येतं. जिथे मोजता येत नाही, तिथे बहुतेक वेळा कानांऐवजी डोळे बोलत असतात.

त्याचा जन्म इंग्लंडमधल्या सरे परगण्यातला. किंग्जवुड वॉरन नावाच्या जुन्या हवेलीत बीबीसीचा संशोधन विभाग होता. १९७०च्या सुमारास तिथे एक विलक्षण काम चाललं होतं : मोठ्या स्टुडिओची एक-अष्टमांश आकाराची प्रतिकृती करायची, तिच्यात आवाज सोडायचा, आणि खऱ्या स्टुडिओत भिंती-छप्पर बदलल्यावर आवाज कसा वागेल याचा अंदाज घ्यायचा. त्या प्रयोगांसाठी एक लहानसा स्पीकर करण्यात आला होता. त्याचा आवाज अपेक्षेपेक्षा कितीतरी स्वच्छ निघाला. त्याच वेळी बीबीसीची दुसरी एक गरज तशीच पडून होती. क्रिकेटचा सामना, चर्चमधली प्रार्थना, दूरच्या गावातली मैफल यांचं प्रक्षेपण करायला जी मोटार जाई, तिच्यात ध्वनी-अभियंता अडचणीत बसलेला असे. स्टुडिओतला मोठा मॉनिटर तिथे मावत नसे, आणि तासन्‌तास हेडफोन लावून निर्णय घेणं धोक्याचं. निवेदकाचा आवाज मोटारीत जसा ऐकू येतो तसाच तो खरोखर आहे, याची खात्री देईल असं काहीतरी गुडघ्याएवढ्या जागेत हवं होतं.

डडली हारवुड यांच्या गटानं ते काम घेतलं. आणि त्यांनी ते कसं केलं हे गुपित राहिलं नाही. १९७६मध्ये हारवुड, व्हॉटन आणि मिल्स या तिघांनी संशोधन अहवाल लिहून रचना, कारणं आणि आलेख सगळं मांडून ठेवलं. त्या अहवालातला आलेख आदर्श सरळ रेषेचा नाही. ज्यांनी याला घडवलं त्यांना त्याच्या खोडी माहीत होत्या आणि त्या त्यांनी झाकल्या नाहीत. आजच्या जाहिराती वाचताना मला हे सारखं आठवतं.

आता जरा त्याच्या अंतरंगाकडे पाहू, कारण त्याचा स्वभाव तिथेच घडला आहे. खालचा मोठा ड्रायव्हर केंट परगण्यातल्या केईएफ या कंपनीचा, बी ११०. वरचा ट्विटरही तिचाच, टी २७. दोन्ही माल्कम जोन्स यांनी बनवलेले. बी ११०चा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकूच्या आकाराचा पडदा, बेक्सट्रीन नावाच्या प्लास्टिकचा. त्याआधी कोन कागदाच्या लगद्याचे असत. कागदाचा आवाज वाईट नव्हता, पण दोन कोन एकसारखे निघत नसत. लगद्याचा घाणा बदलला, हवा दमट झाली, की आवाज बदले. बीबीसीला हे चालणारं नव्हतं. एका मोटारीतला स्पीकर बिघडला आणि दुसऱ्या मोटारीतला आणून लावला, तर निवेदकाचा आवाज तोच यायला हवा. बेक्सट्रीन पत्रा तापवून साच्यात ओढता येई आणि दर वेळी जवळपास सारखाच कोन मिळे. मग त्याच्यावर एक चिकट लेप द्यायचा, म्हणजे प्लास्टिकची किणकिण दबते.

हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. वस्तुनिष्ठ मापाचा या स्पीकरमधला सर्वांत मोठा गुण आलेखाच्या सपाटपणात शोधायला गेलात तर सापडणार नाही. तो त्याच्या एकसारखेपणात आहे. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे जाड आवाज खालच्या ड्रायव्हरकडे आणि पातळ आवाज ट्विटरकडे वाटून देणाऱ्या त्या सर्किटमध्ये, प्रत्येक ट्विटरची पातळी स्वतंत्रपणे जुळवण्याची सोय ठेवलेली आहे. ए हे अक्षर नावाला चिकटलं तेसुद्धा याच आग्रहापायी. ड्रायव्हर मूळ नमुन्यापासून सरकू लागले, तेव्हा बीबीसीनं १९७४मध्ये रचना पुन्हा बांधून घेतली. पुढे १९८७च्या सुमारास तेच पुन्हा झालं, आणि तेव्हा १५ ओहमचा स्पीकर ११ ओहमचा झाला.

खोकं १२ मिलिमीटर जाडीच्या बर्च प्लायवूडचं, आतून जड पट्ट्या चिकटवून दबलेलं. कोपऱ्यांतल्या पट्ट्या बीच लाकडाच्याच हव्यात अशी ताकीद. आपल्याला वाटतं, स्पीकरची पेटी जितकी जाड आणि ठोस तितकी उत्तम. बीबीसीच्या मंडळींचा अनुभव वेगळा होता. पेटी कितीही जाड केली तरी तिची भिंत थरथरणारच. प्रश्न आहे तो कुठे. जाड भिंत वरच्या सुरांत थरथरते, आणि तिथे आपला कान फार तीक्ष्ण असतो. पातळ भिंतीला भरपूर दाब दिला तर थरथर खाली उतरते, जिथे कान तिला माफ करतो. निर्णय मापांनी सुचवला, पण कुठे मापाचं महत्त्व धरायचं आणि कुठे सोडायचं हे कानाला विचारून ठरलं. ट्विटरभोवती फेल्टची जाड चौकट आहे, तीही तशीच : ट्विटरमधून निघालेला आवाज पेटीच्या कडांवर आपटून परत फिरला की गायकाची जागा अस्पष्ट होते, म्हणून तो वाटेतच शोषून घ्यायचा.

हे सगळं झाल्यावर शेवटची परीक्षा माणसाच्या आवाजाची. बीबीसीत स्पीकर तपासायची जुनी रीत अशी होती की शेजारच्या स्टुडिओत ओळखीचा माणूस बोलतो, इकडे स्पीकरमधून तोच आवाज येतो, आणि ऐकणारा आत-बाहेर करत दोन्हींची तुलना करतो. रेकॉर्डिंग कसंही असू शकतं. रोज भेटणाऱ्या सहकाऱ्याचा आवाज मात्र कानाला पाठ असतो. असा मूळ आवाज समोर ठेवून केलेली निवड ही आवड म्हणावी की मोजमाप? मला तरी ते कानानं घेतलेलं मापच वाटतं. घरी ऐकणाऱ्याकडे हा मूळ आवाज नसतो. कुमार गंधर्व शेजारच्या खोलीत बसून गात नाहीत. म्हणून घरातला वाद इतका लांबतो.

आता त्याच्या उणिवा, कारण त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनीही त्या सांगितल्या पाहिजेत. पोटात हवा जेमतेम पाच लिटर, आणि पेटी सगळीकडून बंद. एवढी थोडी हवा कोनाला मागून घट्ट धरून ठेवते. त्यामुळे साधारण ७५-८० हर्ट्झच्या खाली आवाज भरभर उतरत जातो. उतरण्याआधी मात्र तो किंचित फुगतो : साधारण १०० ते १६० हर्ट्झच्या पट्ट्यात एक टेकाड येतं. १००० हर्ट्झच्या थोडं वर आणखी एक लहान उंचवटा आहे, त्यामुळे काही आवाजांना नाकातली छटा लागते. आणि तो खादाड आहे. एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण ८३ डेसिबल; आजचे कितीतरी घरगुती स्पीकर तेवढ्याच विजेवर ८८-८९ देतात. सहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी चौपट वॅट. आणि म्हणून जास्त वॅट ओतत गेलो तर एका मर्यादेनंतर लहान कोन दमतो आणि आवाज आवळतो. लग्नाच्या हॉलात, मोठ्या दिवाणखान्यात, वीस माणसांसमोर तो उघडा पडतो.

तरीही तो मोटारीतून उतरून घरात गेला. बीबीसीनं परवाने दिले आणि रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल, ऑडिओमास्टर, गुडमन्स अशा कंपन्यांनी त्याला बाजारासाठी बनवलं. हारवुड निवृत्तीनंतर १९७७मध्ये स्वतःची हार्बेथ कंपनी काढून बसले. तिनंही पुढे त्याला बनवलं. ब्रिटनमधल्या बैठकीच्या लहान खोल्यांत, मग जपान आणि हाँगकाँगमधल्या त्याहून लहान घरांत तो रुजला. हा योगायोग नाही. जपान-हाँगकाँगमधलं घर आकारानं आणि ऐकणाऱ्याच्या अंतरानं त्या मोटारीच्या बरंच जवळचं होतं. माणूस दीड-दोन मीटरवर बसतो, शेजाऱ्यांमुळे आवाज बेताचा ठेवतो, आणि बहुतेक वेळ माणसाचा गळा ऐकतो. अशा ठिकाणी दोन लहान पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच ठेवलेलं नाही तिथे, गाणारा माणूस उभा राहतो. ज्यानं हे एकदा नीट ऐकलं त्याला तो अनुभव विसरता येत नाही. मीही विसरलो नाही.

मापवाल्यांच्या बाजूचा पुरावा त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे जमत होता. फ्लॉइड टूल हे ओटावात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत होते. त्यांनी एक साधी गोष्ट चिकाटीनं केली : पडद्यामागे स्पीकर ठेवायचे, सगळ्यांचा आवाज सारख्याच पातळीवर आणायचा, आणि लोकांना गुण द्यायला सांगायचं. नाव नाही, किंमत नाही, आकार नाही. आणि दुसरीकडे त्याच स्पीकरची प्रतिध्वनी न उठणाऱ्या खोलीत, नुसती समोरून नव्हे तर सर्व बाजूंनी मापं घ्यायची. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा लोकांची आवड वाटली होती तितकी बेबंद निघाली नाही. ज्यांचा आलेख समोर सपाट आणि बाजूंना सावकाश, गुळगुळीत उतरणारा, ते स्पीकर पुन्हापुन्हा वर आले. टूल १९९१मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीत गेले आणि तिथे शॉन ऑलिव्ह यांनी हे काम पुढे नेलं. प्रशिक्षित श्रोते आणि साधे श्रोते, दुकानदार आणि विद्यार्थी, सगळ्यांची क्रमवारी साधारण एकच येते, हे त्यांनी दोनशेहून अधिक माणसांवर तपासून दाखवलं. २००४मध्ये त्यांनी मापांवरून आवडीचा अंदाज बांधणारं सूत्र मांडलं. त्या सूत्रात खर्ज किती खाली जातो याला जवळजवळ तीस टक्के वजन आहे.

म्हणजे आपला पाच लिटरचा गडी तिथे आधीच तीस टक्क्यांच्या खड्ड्यात उतरलेला. तो टेकाडापायी आणखी काही गुण गमावणार. त्या चाचण्या प्रामाणिक आहेत, आणि ज्याला एकाच स्पीकरवर सगळं संगीत, सगळ्या आवाजात ऐकायचं आहे त्यानं टूल-ऑलिव्ह यांचं ऐकावं, असं मी निःसंकोच सांगेन. पण त्या चाचण्यांत बहुतेक वेळा एकच स्पीकर, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात, चांगल्या मोठ्या खोलीत आणि भरपूर खर्ज असलेल्या संगीतावर वाजतो. रात्री साडेदहाला, शेजारी झोपलेले असताना, दहा बाय बाराच्या खोलीत विलंबित ख्याल ऐकणारा माणूस त्या प्रश्नपत्रिकेत नाही. त्याला वेगळा प्रश्न विचारला पाहिजे.

हा प्रश्न विचारला गेलेला मी पाहिला आहे. पुण्यात एका निवृत्त अभियंत्याकडे या स्पीकरची १५ ओहमची जुनी जोडी आहे. ते आयुष्यभर पुरुष गायकच जास्त ऐकत आले : भीमसेनजी, अमीर खाँसाहेब. त्यांचं म्हणणं असं की या खोक्यात गायकाची छाती ऐकू येते. दुसऱ्या कुठल्याही स्पीकरमध्ये फक्त गळा येतो. त्यांच्या भाच्यानं एका रविवारी मापाचा मायक्रोफोन आणि लॅपटॉप आणला.

"मामा, तुमच्या खोलीचं आधी बघू," तो म्हणाला. खोली बारा बाय दहा फुटांची. एवढ्या लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झला आणि रुंदीत ५६ हर्ट्झला हवा स्वतःच घुमते, आणि त्यांच्या दुपटीला पुन्हा. बाकी सिमेंटच्या भिंती, टाइल्सची जमीन, आवाज शोषायला एक सतरंजी आणि पुस्तकं. म्हणून खोलीचा दोष स्पीकरच्या माथी येऊ नये यासाठी त्यानं मायक्रोफोन कोनाच्या अगदी तोंडाशी नेऊन वेगळं माप घेतलं. पडद्यावर ते टेकाड उगवलं.

"हे बघा. शंभरच्या पुढे फुगलाय."

"फुगू दे. गाणं लाव."

भाच्यानं गाणं लावलं, आणि मग त्यानं जे केलं ते मला फार आवडलं. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज येतो साधारण १३९ हर्ट्झला. त्यानं पडद्यावर तिथे बोट ठेवलं. टेकाडाच्या अंगावरच. गायक मंद्रातून वर येऊन षड्जावर स्थिर होतो, तेव्हा हा स्पीकर नेमका तिथे थोडी भर घालतो. मामा ज्याला छाती म्हणत होते ती पडद्यावर दिसत होती.

"म्हणजे मी उगाच नव्हतो म्हणत."

"नाही मामा. तुम्ही बरोबर ऐकत होतात. पण आता हे ऐका." त्यानं काळी चारमध्ये गाणाऱ्या एका गायिकेचं रेकॉर्डिंग लावलं. षड्ज २०८ हर्ट्झला, टेकाडाच्या पलीकडे. मामा नीट ऐकून म्हणाले, छान आहे, स्वच्छ आहे, पण ते भरलेपण नाही. नंतर भाच्यानं सॉफ्टवेअरनं टेकाड सपाट केलं, दोन्हींची पातळी मोजून सारखी केली, आणि कुठलं कुठलं हे न सांगता आलटूनपालटून ऐकवलं. रात्री ऐकतात तेवढ्या बेताच्या आवाजात मामांनी दर वेळी टेकाडाचा आवाज निवडला. आवाज मैफलीएवढा वाढवल्यावर मात्र ते सपाटाकडे वळले. म्हणाले, "पहिला आता घोंगावतोय."

याचं कारण १९३३पासून माहीत आहे. फ्लेचर आणि मनसन यांनी दाखवून दिलं होतं की आवाज कमी केला की माणसाच्या कानाला खालचे सूर वरच्यांपेक्षा कितीतरी जास्त कमी ऐकू येतात. हळू आवाजात सपाट स्पीकर कानाला पातळ लागतो; थोडं टेकाड ते भरून काढतं. मोठ्या आवाजात कानाला मदत नको असते, मग तेच टेकाड ओझं होतं. मामांची आवड मनाचा खेळ नव्हती. ती त्यांच्या खोलीचं, त्यांच्या वेळेचं, त्यांच्या गायकांच्या पट्टीचं आणि माणसाच्या कानाचं मिळून आलेलं उत्तर होतं, आणि त्यातला प्रत्येक भाग मोजता आला.

मग तंबोऱ्याचं काय? काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झला, म्हणजे या स्पीकरच्या उतारावर. तरी तंबोरा त्याच्यावर सुंदर वाजतो, आणि इथेही कोडं नाही. जवारी लावलेल्या तारेचं बळ तिच्या मूळ सुरात थोडं आणि वरच्या स्वयंभू सुरांत भरपूर असतं. ते सगळे सूर हा स्पीकर अचूक देतो, आणि मेंदू त्यांच्यावरून मूळ खर्ज स्वतः जुळवून घेतो. जुन्या फोनमध्ये ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नसे, तरी वडिलांचा भरदार आवाज आपण ओळखायचोच की. डग्ग्याला मात्र ही सवलत मिळत नाही. घिस्सा घेताना तळहाताखाली जो घुमारा सरकतो तो हवेच्या धक्क्यावर जगतो, आणि तो धक्का देण्याएवढी हवा पाच लिटरमध्ये नाही. पखवाज तर अर्धाच ऐकू येतो. ध्रुपदाच्या रसिकानं मला या स्पीकरबद्दल विचारलं, तर मी त्याला स्पष्ट नको म्हणतो.

आता राहिलेला भाग, जो मोजून सापडत नाही. जुन्या जोड्यांच्या बाजारात १५ ओहमवाला ११ ओहमवाल्याहून कितीतरी भाव खातो. पुढची सोनेरी नावपट्टी असेल तर आणखी. दोन्ही खोक्यांवरचे क्रमांक जोडीचे असतील तर आणखी. या गोष्टींमुळे आवाज उजळ होतो, खोल होतो, जिवंत होतो अशी वर्णनं मी वाचली आहेत. टूल आणि ऑलिव्ह यांनी १९९४मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे आठवावा. हार्मनच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना त्यांनी चार स्पीकर आधी न दाखवता आणि मग दाखवून ऐकवले. दिसायला लागल्यावर मोठ्या, देखण्या स्पीकरचे गुण वाढले, आणि पडद्यामागे चांगला ठरलेला लहान, स्वस्त संच खाली घसरला. स्पीकर खोलीत इकडचा तिकडे हलवल्यानं आवाजात खरोखर पडणारा फरकसुद्धा, डोळे उघडे असताना लोकांच्या कमी लक्षात आला. स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्या माणसांची ही गत. सोनेरी पट्टी बघून ऐकणाऱ्याला त्यातून सूट कशी मिळेल?

आणि इथे माझा राग आहे तो कानवाल्यांवर. या स्पीकरला पूज्य मानायचं आणि त्याच्या जन्माची रीत मात्र नाकारायची, हे मला पटत नाही. ज्या माणसांनी त्याला घडवलं त्यांनी एकेक डेसिबलसाठी क्रॉसओव्हर जुळवला, कागदाचा कोन टाकून दिला कारण तो दर वेळी वेगळा बोलायचा, आणि आपल्याच सहकाऱ्याच्या आवाजाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही. त्यांच्या स्पीकरच्या नावानं "मापांना काय कळतं" असं म्हणणं हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. मापवाल्यांनाही एक सांगणं आहे. आलेखातलं टेकाड दाखवून "हा स्पीकर चूक" एवढं म्हणून थांबू नका. ते टेकाड कोणत्या सुरावर, किती आवाजात, कुठल्या खोलीत काय करतं ते त्या भाच्यासारखं बसून ऐका. तिथपर्यंत गेल्याशिवाय माप पुरं होत नाही.

तो अजून बनतो. केईएफनं जुने ड्रायव्हर बंद केल्यावर काही वर्षं त्याचं काम अडलं होतं. स्टर्लिंग ब्रॉडकास्टनं वेगळे ड्रायव्हर घेऊन त्याला पुन्हा उभं केलं. पुढे माल्कम जोन्स यांनी १९७२मध्ये काढलेल्या फाल्कन अकूस्टिक्सनं ते मूळचेच ड्रायव्हर नव्यानं घडवले, बीबीसीचा परवाना घेतला आणि मूळ आराखड्यावरून स्पीकर बनवायला घेतला. जुनी जोडी हवी असेल तर क्रमांक आणि पट्टी पाहण्याआधी कोनाभोवतीची रबरी कड हाताला मऊ लागते का ते पाहा, आणि दोन्ही खोकी सारखीच वाजतात का ते माणसाच्या बोलण्यावर तपासा.

घेण्याआधी एवढं मात्र कराच. दुकानात किंवा ओळखीच्या घरी जाल तेव्हा आपल्या रोजच्या ऐकण्यातलं गाणं बरोबर न्या. शेजारी दुसरा एखादा स्पीकर ठेवायला सांगा. फोनवरच्या मीटरनं का होईना, दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमीच चांगला वाटतो. मग डोळे मिटा, आणि कोणता वाजतोय हे दुसऱ्या कुणाला ठरवू द्या. रात्री घरी जेवढ्या आवाजात ऐकता तेवढ्याच आवाजात ऐका. खोली लहान असेल, बसायची जागा दोन मीटरच्या आत असेल आणि तुमच्या आयुष्यात गाणाऱ्या माणसाला वाजवणाऱ्यापेक्षा जास्त जागा असेल, तर हाच स्पीकर तुम्ही निवडाल असा माझा अंदाज आहे. खोली मोठी असेल किंवा पखवाज-तबल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसेल, तर याच्यावर पैसे घालू नका. त्याच पैशांत मोठ्या पेटीचा, सपाट आलेखाचा स्पीकर तुम्हाला जास्त देईल.